मुकादमाला लागलीय

काल दुपारी गच्चीवरची चादर काढायला गेले, तर तिच्यावर काजळी पडलेली. बारीक काळे कण, फुंकर मारली की पसरणारे, बोट लावलं की रेघ ओढणारे. म्हटलं, झालं, साखर कारखान्याची चिमणी पेटली. भोंगा खरं तर दोन दिवस आधीच ऐकला होता. पण भोंगा वाजला म्हणून मला हंगाम आल्यासारखं वाटत नाही, चादर काळी झाली की वाटतं. चादर पुन्हा बादलीत टाकली. एकच चादर, आठवड्याला एक. धुवायला दहा मिनिटं लागत नाहीत, आणि मग उरलेल्या दिवसाचं काय करायचं हा प्रश्न तसाच राहतो.

हंगामात आमच्या ढोकीचा वासच बदलतो. मळीचा गोडसर, आंबूस, नाकात बसणारा वास. पाहुण्यांना पहिल्या दिवशी मळमळतं, आम्हाला तो नसला की चुकल्यासारखं होतं. रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जातात, गाणी एवढ्या मोठ्यानं लावलेली की खिडकीची काच थरथरते. सकाळी अंगणात बसलं की हातातला चहा दोन घोटांत निवतो. दुपारचं ऊन पाठीला बरं वाटतं. ह्या सगळ्यात वाईट असं काहीच नाही. तरी हंगाम आला की मला घरात एकटं बसवत नाही. घर तेच, खोल्या त्याच, पण ह्या दिवसांत एक खोली जास्तीची झाल्यासारखी वाटते.

जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं मास्तरकी केली. माझे मालक कारखान्यात काट्यावर होते, उसाच्या गाड्या वजन करतात तिथं. ते जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगी उमरग्याला दवाखान्यात नर्स आहे, रविवारी फोन करते. बाकीचे सहा दिवस मी दूधवाल्याला "अर्धा" म्हणते आणि भाजीवालीला "कशी दिली" म्हणते. एवढंच बोलणं. एकदा मोजलं होतं, मंगळवारी अख्ख्या दिवसात मी माणसाशी अकरा शब्द बोलले. शाळेत असताना एका तासात घसा बसायचा माझा!

आणि मुकादम आहे. मुकादम म्हणजे माझा कुत्रा. त्याच्याशी बोललेले शब्द मी धरत नाही, कारण ते फार होतात. अजूनही तो बाहेर जाऊन लघवी करून आला की मी म्हणते, "शाब्बास! शाना माझा! किती गुणाचं गं बाई माझं!" सहा वर्षांचा टोणगा झालाय, त्याला आता ह्यात शिकायचं काही उरलेलं नाही. शेजारची सून हसते. हसू दे. एका घरात एवढं तरी कुणीतरी कुणाला म्हणायला पाहिजे.

हे मला उशिरा कळलं. आत्यांच्या शेवटच्या हंगामात कळलं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. अंगानं काटकुळ्या, उंची माझ्या खांद्याएवढी, पण घरात शिरल्या की सगळे नीट बसायचे. दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली बाई ती. पोराला शिकवलं, नोकरीला लावलं, सून शिकलेली आणली आणि मग तिला जन्मभर "मास्तरीन" म्हणाली. त्या "मास्तरीन"मध्ये टोमणा किती आणि मान किती, ह्याचा हिशोब मला चौतीस वर्षांत लागला नाही.

त्यांच्या तोंडून चांगला शब्द निघत नसे. लग्नानंतर मी पहिली भाकरी केली ती त्यांनी उलटून पालटून बघितली आणि म्हणाल्या, "खाया येईल." मला नोकरीची ऑर्डर आली तेव्हा गल्लीत पेढे वाटले मालकांनी. आत्या म्हणाल्या, "मंग आता धुनं कोन धुनार?" घर बांधलं, त्यात माझ्या पगाराचा कर्जाचा हप्ता होता. त्या ओट्यावर बसून म्हणाल्या, "हवा येती बरी." त्यांचं म्हणणं एकच, "तोंडावर कवतिक केलं की मानूस शेफारतं." आणि नजर लागते ती वेगळीच. पोरगी वर्गात पहिली आली तरी गप्प बसायचं, बाहेर सांगायचं नाही.

बरं, मी तरी कुठं मोठी दिलदार? पोरगी तान्ही होती तेव्हा ही बाई रोज मधल्या सुट्टीला तिला काखेत मारून भर उन्हात शाळेपर्यंत यायची, मी पाजायचे आणि ती पुन्हा घेऊन जायची. दीड वर्ष. एक दिवस खाडा नाही. त्यांना मी कधी म्हणाले का, आत्या, तुम्ही होता म्हणून माझी नोकरी टिकली? नाही म्हणाले. ती म्हणत नाही, मग मी का म्हणू? पोरांच्या वह्यांवर लाल पेनानं 'छान', 'शाब्बास' लिहून लिहून माझं बोट दुखायचं, आणि घरी आले की पेन पिशवीत आणि जीभ दाताखाली. आम्ही दोघी भांडलो असं फारसं नाही. दोघींनीही एकमेकींना कोरडं ठेवलं, एवढंच.

मालक गेले आणि घरात आम्ही दोघीच उरलो. मध्ये बोलायला जो माणूस होता तो गेला. तोवर त्या म्हणायच्या, "बाळू, हिला सांग मीठ कमी पडलंय," आणि मी म्हणायचे, "आत्यांना विचारा, अजून हवं का." बाळू म्हणजे माझे मालक. आता मीठ कमी पडलं तर त्या उठून स्वतः घ्यायच्या आणि डबा जोरात आपटायच्या. मला कळायचं.

मी रिटायर झाले त्याच वर्षी, दिवाळीच्या आसपास, आत्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात गेला, पाय गेला. जीभ आठ दिवसांत सावरली. ती पहिली सावरणार हे मला माहीतच होतं. कळंबच्या दवाखान्यात लघवीला नळी घातली होती. घरी आणल्यावर नळीनं ताप आला, थंडी वाजून यायची, अंग नुसतं फणफणायचं. पुन्हा नेलं. डॉक्टरांनी नळी काढली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "आजींना सगळं कळतंय. लागली की त्यांनी सांगायचं, तुम्ही भांडं द्यायचं. महिनाभर बघू. पण अंथरूण ओलंच राहायला लागलं तर पाठीला जखमा होतील. मग मात्र नळी कायमची."

येताना जीपमध्ये आत्यांनी डाव्या हातानं माझा पदर धरला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाल्या, "ती नळी नगं गं. त्यापरीस मला इहिरीत ढकल."

मी म्हटलं, "मग लागली की हाक मारायची. सोपं आहे."

सोपं कुठलं! बाई हाक मारीना. जन्मभर लुगडं नेसूनच अंघोळ केलेली, कुणापुढं गुडघा उघडा पडू न दिलेली बाई, आणि आता सुनेनं येऊन लुगडं वर करायचं. त्या दात आवळून पडून राहायच्या. मग व्हायचं ते व्हायचं. मी चादरीला हात लावला की म्हणायच्या, "पानी सांडलं." तांब्या असायचा दुसऱ्या अंगाला, तीन हातांवर. रोज पाणी सांडायचं, दिवसातून चारदा सांडायचं. मी काही बोलायचे नाही. माझा राग भांड्यांतून बोलतो. बादली आपटायची, मोरीतला नळ पूर्ण सोडायचा, चादर दगडावर धपाधपा. धुऊन वाळत घातली की वरून काजळी पडायची. पुन्हा धुवायची. त्या हंगामात माझ्या हातांची सालं निघाली होती.

तशात ते पिल्लू आलं. रस्त्यापलीकडच्या शेतात ऊसतोडवाल्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, पडल्या होत्या, बीडकडची टोळी होती. त्यांच्यातली विमल नावाची बाई आमच्या नळाचं पाणी न्यायला यायची. एकदा पदरात काहीतरी गुंडाळून आली. "बाई, येवढं ठिवून घ्या. ह्याची माय ट्रॉलीखाली गेली. आमी दिसभर उसाच्या फडात, मोठी कुत्री फाडतेली ह्याला."

मी म्हटलं, "नको गं बाई. माझ्याकडं एक पेशंट आहे, तेच आवरेना."

खाटेवरून आवाज आला, "घे की. मुकं हाय."

मी काही म्हणायच्या आत विमलनं त्याला खाली सोडलं. पिवळं, पोट सुटलेलं, कान एक वर एक खाली. ते सगळ्या घरातून एक चक्कर मारून आलं. पोत्यात तोंड घातलं, चपला हुंगल्या, खाटेखाली वाकून बघितलं आणि मधोमध येऊन बसलं. आत्या म्हणाल्या, "ह्यो बघ, नुस्ता हिंडून समद्याचं बघतुया, काम काय करत न्हाय. मुकादम हाय ह्यो." ऊसतोडीच्या टोळीवर जो हुकूम सोडतो तो मुकादम. विमल एवढी हसली की कळशीतलं पाणी सांडलं. मीही हसले. आत्यांनी केलेल्या विनोदाला मी हसले, ही पण पहिलीच वेळ असावी.

दोन दिवसांत हसणं जिरलं. मुकादम जिथं उभा राहील तिथं करायचा. पोत्यावर, पायपुसण्यावर, माझ्या जुन्या हजेरीवह्यांच्या गठ्ठ्यावर. चौथ्या दिवशी सकाळी मी आत्यांची चादर काढत होते आणि पायाखाली ओलं लागलं. खाली हा. मी केरसुणी घेऊन धावले. आत्या ओरडल्या, "मारू नगंस त्याला! त्याला काय कळतंय?"

आणि मी बोलले. "एक तर तुमचं आवरू का ह्याचं आवरू, आत्या? ह्याला कळत नाही, तुम्हाला तर कळतं ना?"

मी बोलले ते बोलले. केरसुणी हातात तशीच राहिली. आत्यांनी तोंड भिंतीकडं केलं. दुपारी जेवल्या नाहीत. "भूक न्हाय" असंही म्हणाल्या नाहीत. मी ताट नेलं आणि परत आणलं. ते वाक्य मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, मुलीलासुद्धा नाही. इथं लिहिलं ते पहिल्यांदा.

त्याच आठवड्यात शेजाऱ्यांची म्हैस बघायला जनावरांचे डॉक्टर आले होते. मी त्यांना म्हटलं, ह्या पिल्लाचं काहीतरी करा, नाहीतर घेऊन जा. तरणा पोरगा होता, हसला. "बाई, तुम्ही शिक्षिका ना? मग सोपं आहे. मारायचं नाही, नाक घासायचं नाही. झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की उचलून एकाच जागी न्यायचं. तिथं केलं की लगेच कौतुक करायचं, तोंडभरून. हात फिरवायचा. घरात केलं तर गप्प पुसून टाकायचं, काही बोलायचं नाही."

"बोलायचं नाही?"

"ओरडलं की ते लपून करतं. भीतीनं सांगतच नाही मग."

मी मान डोलावली. ते म्हशीकडं गेले. मी पिल्लाकडं बघत उभी राहिले, आणि मला खरं तर त्याच वेळी कळायला पाहिजे होतं. इतकी सरळ गोष्ट. पण मी आपली शेवग्याच्या झाडाखाली जागा ठरवून आले.

झालं, सुरू झाली शाळा. उठला की शेवग्याखाली. दूध प्यायला की शेवग्याखाली. मी पदर खोचून थंडीत उभी, तो पानं हुंगतोय, किडे बघतोय, ट्रॅक्टरकडं बघून भुंकतोय, आणि जे करायचं ते सोडून सगळं करतोय. एकदाचं केलं की मी, "शाब्बास! शाब्बास रे माझ्या वाघा! किती शाना! कुणाचा गं हा? माझा गं हा!" पहिल्या दिवशी माझा मलाच आवाज परका वाटला. तेहतीस वर्षं शाब्बास म्हटलेलं, पण ते शाळेतलं शाब्बास, पाठीवर हात न पडणारं. हे पोटातून यायचं. मुकादम शेपटीबरोबर अख्खा हालायचा, आणि मला हसू यायचं, आणि दिवस जरा हलका व्हायचा.

आत्यांची खाट खिडकीला लागून. शेवगा खिडकीसमोर. त्यांना सगळं ऐकू जायचं. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "कुत्रं मुतलं तर येवढी दिवाळी?" दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "गावात हसतेली तुला." चौथ्या दिवसापासून मात्र त्यांनी राखण सुरू केली. पडल्या पडल्या त्यांची नजर त्याच्यावर. मी स्वयंपाकघरात असले की हाक यायची, "मास्तरीन! गोल फिराय लागलाय! ने बिगीबिगी!" मी हातातलं टाकून धावायचे. आत्यांच्या नजरेमुळं आठ दिवसांत घरातलं करणं जवळजवळ थांबलं. मला मनातून वाटायचं, वा गं बाई, कुत्र्याच्या लघवीसाठी घर डोक्यावर घेतेस आणि स्वतःच्या वेळी तोंडाला कुलूप. चादरी चालूच होत्या. महिन्यातले अर्ध्याहून जास्त दिवस गेले होते. त्यांच्या माकडहाडावर लाल चट्टा दिसायला लागला होता. मी रोज पावडर लावायचे आणि बोलायचे नाही.

मग ती दुपार. बाहेर ऊन, मी ओट्यावर तूर निवडत बसलेले. आतून हाक आली, "मास्तरीन, मुकादमाला लागलीय."

धावत आत गेले. मुकादम खाटेखाली गोळा होऊन झोपला होता. पोट वर-खाली होतंय, गाढ. मी म्हटलं, "झोपलाय की हो."

आत्या भिंतीकडं बघत होत्या. ओठ घट्ट मिटलेले. डाव्या हाताच्या मुठीत चादर धरलेली. "मी म्हनते ना, लागलीय त्याला," त्या म्हणाल्या. "लवकर कर."

मी एक क्षण तशीच उभी राहिले. मग खाटेखालून भांडं ओढलं. त्यांनी डोळे मिटून घेतले, मी तोंड खिडकीकडं वळवलं. चादर कोरडी राहिली.

त्या दिवसापासून ते ठरूनच गेलं. "मुकादमाला लागलीय." कधी मुकादम अंगणात पळत असायचा, कधी माझ्या पायाशीच बसलेला असायचा आणि स्वतःचं नाव ऐकून कान टवकारायचा. मी भांडं घेऊन जायचे. पुढं पुढं तर आत्यांची हाक आली आणि तो खरंच दाराशी उभा असला तर मला विचारावं लागायचं, "कोणत्या मुकादमाला?" आणि त्या चिडून म्हणायच्या, "समजत न्हाय व्हय तुला? मोठ्या!"

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. झाल्यावर आत्या लगेच डोळे उघडायच्या नाहीत. थांबायच्या. मी लुगडं सारखं करायचे, पांघरूण घालायचे, भांडं उचलायचे, आणि त्या कसली तरी वाट बघत असल्यासारख्या पडून. मी दारापर्यंत गेले की डोळे उघडून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "त्याला म्हनतीस."

"काय?"

"काय न्हाय. जा."

मला कळलं होतं. न कळायला मी काय लहान होते? पण आमच्यात शाब्बास हा शब्द वरून खाली जातो. सासू सुनेला म्हणू शकते, मास्तर पोराला म्हणू शकतो. सुनेनं ऐंशी वर्षांच्या सासूला लघवी सांगितली म्हणून शाब्बास म्हणायचं? जीभच उचलत नाही. आणि खरं सांगू, नुसती लाज नव्हती ती. चौतीस वर्षांचा "खाया येईल" आड येत होता.

शेवटी मीही त्यांचाच रस्ता धरला. एकदा भांडं खाली ठेवलं आणि खाटेशी बसून झोपलेल्या मुकादमाच्या मानेवरून हात फिरवला. मोठ्यानं म्हटलं, "शाब्बास रे मुकादम. शाना माझा. वेळेवर सांगितलंस. किती गुणाचा!" तो बिचारा झोपेतून दचकून उठला, काहीच न करता एवढं कौतुक कशाचं त्याला कळेना. वर खाटेवर आत्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. पण त्यांचा चेहरा सैल झाला. तोंडाचा वाकडा कोपरासुद्धा सरळ झाल्यासारखा वाटला. कितीतरी दिवसांनी त्या दुपारी नीट झोपल्या.

दोन दिवसांनी मी जेवण भरवत होते. त्यांनी घास गिळला आणि खाली बघून म्हणाल्या, "मुकादम, तुज्या बाईनं आज वांग्याची भाजी लई झ्याक केली बरं का."

माझा हात ताटातच राहिला. चौतीस वर्षं! चौतीस वर्षांनी, तेही कुत्र्याला सांगून. मी म्हटलं, "त्याला सांगा, अजून आहे, वाढू का." त्या म्हणाल्या, "त्याला म्हनावं, वाढ."

असा तो हंगाम गेला. मुकादमाच्या कानावरून आम्ही एकमेकींना काय काय सांगितलं! त्याला त्या म्हणाल्या, तुझी बाई पोरगी पाजायला शाळेच्या दारात यायची तेव्हा तिचं तोंड उन्हानं लाल व्हायचं, मला लई कीव यायची. त्याला मी म्हणाले, तुझ्या आजीनं पोरगी काखेत आणली नसती तर मी केव्हाच नोकरी सोडली असती. तो दोघींकडं आळीपाळीनं बघायचा आणि कंटाळून जांभई द्यायचा. महिना संपला तेव्हा डॉक्टरांनी पाठ बघितली. चट्टा गेला होता. "नळीची गरज नाही," ते म्हणाले. घरी आल्यावर आत्यांनी मुकादमाला खाटेजवळ बोलावलं, डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "तुज्या बाईनं सोडवलं बग मला." मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसले.

आता वाटतं, ती आमची सर्वांत सुखाची थंडी होती. दोन म्हाताऱ्या आणि एक कुत्रं, आणि रस्त्यानं जाणारी गाणी.

फाल्गुन लागला, ऊस संपत आला. पलीकडच्या कोप्या मोडल्या. टोळी गावाकडं निघाली त्या सकाळी विमल निरोप घ्यायला आली, मुकादमाला पोटाशी धरून रडली, आणि त्यांचा ट्रॅक्टर हलल्यावर हा त्याच्यामागं जो सुटला तो दोन दिवस आलाच नाही. मी येडशीच्या रस्त्यापर्यंत हाका मारत गेले. घरात एकदम बाजार उठून गेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आतून हाक आली. "मास्तरीन."

मी दारात गेले. त्यांनी खाटेखाली बघितलं, तिथं कोणी नव्हतं. मग सरळ माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मला लागलीय."

मला. चार महिन्यांत पहिल्यांदा.

मी भांडं दिलं. सगळं वेळेवर, सगळं कोरडं. पांघरूण घातलं. हात फिरवायला मुकादम नव्हता. मी भांडं घेऊन बाहेर आले, धुतलं, शेवग्याखाली पालथं घातलं. तिथं उभी राहिले, खिडकीकडं पाठ करून. आणि तिथूनच, झाडाकडं बघत मी म्हटलं, "शाब्बास."

खिडकीतून आवाज आला, "कुनाला म्हनतीस? त्यो तर हितं न्हाय."

मी वळले नाही. म्हटलं, "तुम्हाला म्हणतेय, आत्या."

रस्ता रिकामा होता, एक गाडी जात नव्हती. मग त्या म्हणाल्या, अगदी मऊ आवाजात, तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता, "मंग हितं यिऊन म्हन की. माज्याजवळ."

माझे डोळे भरून आले होते. असं तोंड घेऊन आत कसं जायचं? मला लाज वाटली, देवा शप्पथ लाज वाटली. मी म्हटलं, "गॅसवर दूध आहे, आत्या. आले हं."

दूध नव्हतं गॅसवर.

तिसऱ्या दिवशी मुकादम आला, काट्यांनी भरलेला, पाय लंगडत. आत्यांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतःच्या वाटीतलं दूध त्याला दिलं. त्या संध्याकाळी पुन्हा "मुकादमाला लागलीय" सुरू झालं, आणि मी पुन्हा त्याच्या मानेवर हात फिरवून म्हणायला लागले. दोघींनाही सुटल्यासारखं झालं असेल. मला तरी झालं. त्यानंतर आत्या नऊ दिवस होत्या. नऊ दिवस रोज चार-पाच वेळा मी त्या खाटेशी बसले, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर, आणि रोज कुत्र्याला शाब्बास म्हणत राहिले. त्यांनी पुन्हा मागितलं नाही. जन्मभर कुणाकडं काही न मागितलेली बाई, तिनं एकदा जवळ बोलावून मागितलं होतं.